रंग खरवडला तो एप्रिल

एप्रिलच्या मध्यावर कोथरूडमध्ये दुपारी दोनच्या सुमाराला एक वेगळीच शांतता असते. परीक्षा आटोपलेल्या असतात, रिक्षांमधून लटकणारी दप्तरं दिसेनाशी होतात. कुंपणापाशी बहावा पिवळाधमक होऊन उभा असतो आणि त्याच्याकडे बघायला रस्त्यावर कुणी नसतं. कुणाच्या तरी गच्चीत अजूनही कुरडया वाळत असतात. हवा इतकी कोरडी की लाकडावर दिलेला पॉलिशचा हात तासाभरात सुकतो. म्हणून लाकडाची कामं लोक याच दिवसांत काढतात, आणि म्हणूनच एप्रिल आला की माझं मन थाऱ्यावर राहत नाही.

गेल्या आठवड्यात खालून घासल्याचा आवाज आला. पार्किंगमध्ये एक सुतार जुन्या कपाटाचा रंग मशीनने काढत होता. कोरडाच. पांढरट धुरळा सगळीकडे पसरला होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली तीनेक वर्षांची मुलगी त्यातून तिचाकी सायकल फिरवत होती. मी पायांत चपला न घालताच खाली गेलो.

"मशीन बंद करा. ओलं करून घासा," मी सुताराला म्हणालो. "आणि या मुलीला आधी वर न्या."

तिचे वडील बाजूलाच उभे होते. हिंजवडीत नोकरीला आहेत, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतात. मोबाईलवरची नजर न काढता ते म्हणाले, "काका, तुम्ही कमिटीवर आहात का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मुलीला वर न्या."

त्यांनी नेलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की आपल्याकडच्या काही ज्येष्ठांना आता भुसासुद्धा सोसवत नाही. मी वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. खडूस म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. मुलीचे केस धुतले का, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं, ते रात्रभर टोचत राहिलं.

मी सव्वीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. माझ्याएवढा हुशार माणूस पुण्यात दुसरा नसेल अशी तेव्हा माझी खात्री होती. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. दोन हजार साल जवळ येत होतं, जगातल्या कॉम्प्युटरांना ते साल ओळखता येणार नाही म्हणत होते, आणि त्यामुळे आमच्यासारख्या पोरांना एकदम भाव आला होता. जुलैमध्ये मी अमेरिकेला जाणार हे ठरलं होतं. ऑफिसात नवीन खुर्च्या, गार हवा, फुकटची कॉफी. संध्याकाळी घरी आलो की घर मला जुनाट वाटायचं.

घर म्हणजे दादाचा कोथरूडमधला फ्लॅट. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे एक बंद केलेली गॅलरी. दादा बँकेत होता. शैलावहिनी शाळेत गणित शिकवायची आणि घरी दहावीचे क्लास घ्यायची. त्यांची मुलगी गार्गी तेव्हा दीड वर्षाची होती. हे नाव वहिनीनेच ठेवलेलं. आमच्या एका मावशीने नाक मुरडलं तेव्हा ती म्हणाली होती, "प्रश्न विचारणारी बाई होती ती. माझ्या मुलीने एवढं केलं तरी पुरे."

बाबा गेल्यावर नारायण पेठेतल्या भाड्याच्या खोल्या आम्ही सोडल्या, तेव्हा तिथलं एकच मोठं सामान बरोबर आलं होतं, ते म्हणजे बाबांचं लिहायचं टेबल. हिरव्या ऑइलपेंटचं. त्याखाली निळा रंग, निळ्याखाली मळकट पिवळा. दर दोन-चार दिवाळ्यांनी घरच्या दारांना रंग दिला की डब्यात उरलेला बाबा या टेबलाला लावायचे. मी त्या वर्षी कॉम्प्युटर घेतला. आमच्या इमारतीतला पहिला. तो कुठे ठेवायचा म्हटल्यावर टेबलाकडे लक्ष गेलं, आणि एका पायाजवळ टवका उडाला होता तिथे आतलं लाकूड दिसलं.

"राहू द्या ना तसंच, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तुमच्या बाबांच्या हातचा रंग आहे."

"अहो वहिनी, खाली सागवान आहे. सागवान कुणी रंगाखाली झाकतं का?"

ती हसली. "तुम्ही आता ऐकणार नाही. करा काय करायचं ते."

बोहरी आळीतून मी रॉकेलवर चालणारा ब्लोलॅम्प आणला, रंग खरवडायची पत्री आणली, पॉलिश पेपरचे दहा कागद आणले. गॅलरीत टेबल आडवं केलं आणि आठ दिवस, रजा टाकून, दुपारी तेच करत बसलो. ज्योत लागली की रंग पापडासारखा फुगायचा, मग पत्रीने ओढला की लांब पट्टी निघायची. त्याला एक वास यायचा, गोडसर आणि कडवट. मला तो आवडायचा हे आज लिहितानाही जड जातं. रंग निघाल्यावर कोरडाच पॉलिश पेपर घ्यायचा आणि घासायचं. बारीक पूड उडायची. ती मोगऱ्याच्या कुंडीवर बसायची, दांडीवरच्या कपड्यांवर बसायची, उंबऱ्यावरून आत घरंगळायची. मी नाकाला रुमाल बांधला होता. फक्त माझ्या नाकाला.

बाहेरच्या खोलीत दोन ते चार वहिनीचा सुट्टीतला वर्ग असायचा. पंधरा मुलं, मांडीला मांडी लावून. गार्गी त्यांच्या वह्या ओढायची म्हणून वहिनी तिला गॅलरीत आणून बसवायची. "भाऊजी, जरा लक्ष ठेवा हं," म्हणायची आणि दार लोटून घ्यायची. मी लक्ष ठेवायचो. ती पडणार नाही, ज्योतीजवळ येणार नाही, एवढं मी अगदी डोळ्यांत तेल घालून पाहायचो. संध्याकाळी वहिनी तिचे केस झटकायची आणि म्हणायची, "आमची म्हातारी झाली बघा एका दिवसात." आम्ही दोघंही हसायचो.

टेबल फार सुंदर निघालं. मधासारखं. इमारतीतली माणसं बघायला आली. दादा त्याच्यावरून हात फिरवत म्हणाला, "बाबांना हे माहीतच नव्हतं रे."

जूनमध्ये गार्गी खाईनाशी झाली. पोट धरून रडायची. उलट्या व्हायच्या, मग दोन दिवस बरी, मग पुन्हा तेच. कृमी असतील म्हणून औषध झालं, दात येतायत म्हणून झालं. तिचा रंग उतरत चालला. शेवटी एका वयस्कर बालरोगतज्ज्ञाकडे आम्ही सगळे गेलो. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं, आणि पेन खाली ठेवून विचारलं, "माती खाते का?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"घरात जुना रंग वगैरे काढलाय का एवढ्यात?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी काढला. टेबलाचा."

"कसा काढलात?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. जाळलं की धुरातून पसरतं, कोरडं घासलं की धुळीतून. मोठ्या माणसाला चटकन कळत नाही. लहान मूल जमिनीवर असतं आणि त्याचे हात तोंडात असतात."

रक्त तपासणीला मुंबईला गेलं. उत्तर आलं, शिसं फार होतं. दवाखान्यात ठेवावं लागलं, औषधं, सलाईन. त्या इवल्याशा हाताला बांधलेली लाकडी पट्टी मला अजून दिसते. डॉक्टर घरी सोडताना म्हणाले, "रक्तातून उतरेल. पोटदुखी जाईल. बाकी काय राहील, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. ती मोठी होईल तेव्हा कळेल."

वहिनीने तेव्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तेवढंच. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. दादासुद्धा बोलला नाही. एक दिवस मी ऑफिसातून आलो तर टेबल नव्हतं. कॉम्प्युटर जमिनीवर, चादरीवर ठेवला होता. कुणी नेलं, कुठे गेलं, मी विचारलं नाही.

आणि जुलैमध्ये मी ठरल्याप्रमाणे अमेरिकेला गेलो. थांबायला हवं होतं का, हे मी कुणाला विचारलं नाही, कारण कुणी "थांब" म्हणालं असतं तर थांबावं लागलं असतं. निघताना वहिनीने मेतकूट दिलं, लोणच्याची बाटली दिली, आणि म्हणाली, "जपून राहा, भाऊजी." त्या 'जपून'चा मी कितीतरी वर्षं कीस पाडला. तिने टोमणा मारला असंच मी धरून चाललो.

तिकडे एकदा घरकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेलो होतो, बल्ब घ्यायला. रंगांच्या फळीपाशी एक फुकटची पुस्तिका ठेवलेली होती, जुना रंग कसा काढावा याबद्दलची. मी ती उभ्या उभ्या वाचली. आधी रंगात शिसं आहे का ते तपासा. ज्योत लावू नका. कोरडं घासू नका, पाणी मारून घासा. खाली प्लास्टिक अंथरा. रुमाल पुरत नाही, नीट बसणारा मास्क लावा. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम केलेले कपडे वेगळे धुवा. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना त्या जागेपासून लांब ठेवा. एवढंच होतं सगळं. त्यात एकही गोष्ट अवघड नव्हती. एकीलाही वेगळी हुशारी लागत नव्हती. पाण्याची एक बादली आणि बंद दार. मी पुस्तिका परत फळीवर ठेवली. बल्ब न घेता खोलीवर आलो.

दर रविवारी फोन करायचो. "गार्गी कशी आहे?" "बरी आहे." मी याच्यापुढे जात नव्हतो, आणि पलीकडूनही कुणी पुढे जात नव्हतं.

तीन वर्षांनी तिकडचं काम आटलं आणि मी परत आलो. गार्गी तेव्हा साडेचार-पाच वर्षांची होती. गोबरी, हसरी, तुरुतुरु चालणारी. मला इतकं हायसं वाटलं की मी मंडईत जाऊन उगाचच दोन डझन हापूस घेऊन आलो. मग एका संध्याकाळी कुणाला न कळवता त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आत वहिनी आणि गार्गी जमिनीवर बसल्या होत्या, मध्ये चिंचोके. "पाच दे बघू मला," वहिनी म्हणाली. गार्गीने ओंजळभर दिले. "मोजू या?" त्यांनी मोजले. "आता पाच दे." गार्गीने पुन्हा ओंजळभर दिले आणि उरलेल्या चिंचोक्यांचं फूल करायला लागली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. अर्ध्या कोथरूडच्या मुलांना गणितात पार नेणारी वहिनी. तिचा आवाज एकदाही चढला नाही. मी दारातूनच मागे फिरलो.

त्यानंतर माझं जाणं कमी होत गेलं. मी स्वतःचा फ्लॅट घेतला, तोही कोथरूडमध्येच, चालत वीस मिनिटांवर. पण सणावारांपलीकडे ती वीस मिनिटं मी चाललो नाही. पुढे गार्गीला कुणीकुणी तपासलं. एक डॉक्टर म्हणाले, शिशामुळे असू शकेल. दुसरे म्हणाले, तसंही ही मुलगी अशीच झाली असती, सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' या तीन शब्दांत मी राहत आलो. कधी त्यांची ऊब वाटायची, कधी ते बोचायचे. गार्गी तिसऱ्या खेपेला दहावी झाली. आकडे आणि घड्याळ सोडलं तर तिचं कुठे अडत नाही, पण आकडे आणि घड्याळ सोडून या शहरात किती अंतर चालता येतं? गेली आठ वर्षं ती एका पाळणाघरात काम करते. दोघंही नोकरीला जाणाऱ्या आई-बापांची पोरं तिथे असतात. ती पोरं तिच्या अंगावरून खाली उतरत नाहीत.

वहिनी गेल्या दिवाळीनंतर गेली. किडनीचं दुखणं होतं, महिनाभरात आटोपलं. शेवटच्या आठवड्यात मी दोन दुपारी तिच्याजवळ बसलो होतो. आम्ही दादाच्या साखरेबद्दल बोललो, पाणीकपातीबद्दल बोललो. ती म्हणाली, "तुम्ही बारीक झालात, भाऊजी." मी म्हणालो, "नाही हो." एवढंच.

पार्किंगमधला प्रकार झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी गार्गीचा फोन आला. "काका, आमच्या पाळणाघरात लाकडाच्या छोट्या खुर्च्या आल्यात. एक बालवाडी बंद झाली, त्यांच्या. रंग उडालाय. बाई म्हणतात घासून नवा रंग देऊ. मी त्यांना म्हटलं, थांबा."

"बरं केलंस."

"आईने सांगून ठेवलंय. रंग काढायचं काम काकांना विचारल्याशिवाय कुणाला करू देऊ नकोस."

"टेम्पोने माझ्याकडे पाठव," मी म्हणालो.

रविवारी आमच्या गच्चीत ते सगळं मांडलं. लाल, निळ्या, पिवळ्या खुर्च्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या. गच्चीचं दार आतून लावून घेतलं. जाड प्लास्टिक अंथरलं, त्याच्या कडा विटांनी दाबल्या. दोघांनी मास्क आणि रबरी हातमोजे घातले. रंगावर रिमूव्हर लावायचा, तो सुरकुतला की पत्रीने हळूच ओढायचा, ओढलेला रंग लगेच पिशवीत. राहिलेलं ओल्या पॉलिश पेपरने. फुंकर नाही, झाडू नाही. मी एकदाच दाखवलं. गार्गी तंतोतंत तसं करत होती. ती कुठलंही काम असंच करते, एका वेळी एक, पूर्ण लक्ष देऊन. उन्हात तिच्या कपाळावर घाम चमकत होता.

तासाभराने तिने विचारलं, "माझ्या वेळेला तुम्ही असं नव्हतं ना केलं?"

"नाही." इथवर जे लिहिलं त्यात एक गोष्ट मी लिहिली नाही. ती मी डॉक्टरांना सांगितली नव्हती, दादाला नाही, कुणालाच नाही. हातातली पत्री खाली ठेवून मी तिला ती सांगितली. त्या दुपारी ती रडायची, आईकडे जायचं म्हणायची. माझं काम थांबायचं. म्हणून मी स्वयंपाकघरातून एक स्टीलची वाटी आणली, तिच्यात रंगाचे निघालेले रंगीत तुकडे टाकले आणि ती तिच्यापुढे ठेवली. हिरवे, निळे, पिवळे. ती लगेच शांत झाली. म्हणून दुसऱ्या दिवशीही दिली. आठही दिवस दिली. धूळ उडाली ती उडाली, पण वाटी मी माझ्या हाताने दिली होती.

गार्गी पत्रीवरचा रंग फडक्याला पुसत होती. ती थांबली नाही. "आईने पाहिली होती वाटी," ती म्हणाली.

"काय?"

"आईने सांगितलंय मला. मी मोठी झाल्यावर. वर्ग चालू असताना ती मला बघायला दारापर्यंत यायची. तिला वाटी दिसली. तिला वाटलं, काढून घ्यावी, तोंडात घालेल. पण काढली तर मी रडेन आणि वर्ग बंद पडेल. म्हणून ती परत गेली. म्हणाली, मी आई असून परत गेले. रोज गेले."

गच्चीच्या कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली आणि उडून गेली. मी म्हणालो, "मला कधी बोलली नाही ती."

"कसं बोलणार? तुम्ही यायचंच बंद केलंत. आईला वाटायचं, तुम्ही तिच्यावर रागावलात. तुमच्यावर मूल सोपवलं आणि तिने नीट पाहिलं नाही, म्हणून. ती बाबांना म्हणायची, भाऊजींना तोंड कसं दाखवू?"

"मी रागावलो नव्हतो गं."

"मग सांगायचं ना," गार्गी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मुलांना सांगतात तसं तिने ते सांगितलं.

मी उठून कठड्याशी गेलो. वीस मिनिटांवरची ती इमारत तिथून दिसते. पाण्याच्या टाकीवरून ओळखू येते. तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई पंचवीस वर्षांहून जास्त काळ माझ्या रागाला भिऊन राहिली, आणि इथे मी तिच्या रागाला. राग दोघांकडेही नव्हता. मला मास्क काढून रडायचं होतं, पण काम चालू असताना मास्क काढायचा नाही असं मीच तासाभरापूर्वी बजावलं होतं. मी तसाच उभा राहिलो. आतून मास्क ओला होत राहिला.

दुपारी चारला सहा खुर्च्या झाल्या. पिशव्यांची तोंडं बांधली, प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडलं, फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. कोपरापर्यंत हात धुऊन आम्ही खाली आलो. "चहा मी करते," गार्गी म्हणाली. तिने पातेलं ठेवलं, कप घेतला आणि पाणी मोजून ओतलं. मग क्षणभर थांबली, किती झाले ते तिच्या ध्यानात राहिलं नसावं. तिने सगळं पाणी परत ओतून टाकलं आणि पहिल्यापासून मोजायला लागली, ओठांतल्या ओठांत, एक, दोन. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. किती झाले ते सांगावंसं वाटत होतं. पण मी तिचं मोजून होईपर्यंत थांबलो.